आधी सायलेन्सर खोला

आगोटीचे दिवस आले की आमच्या वरंधकडच्या वाड्यांतून दोन आवाज यायला लागतात. एक पावशाचा आणि दुसरा लाकूड कापायच्या मशीनचा. पावसाळ्याचा लाकूडफाटा पडवीत रचून होईपर्यंत हा दुसरा आवाज काही थांबत नाही. आणि ज्या घरात तो मध्येच थांबतो, त्या घरातलं कुणीतरी संध्याकाळी गोणपाटात गुंडाळलेलं ओझं घेऊन माझ्या अंगणात उभं असतं. "बघ रे जरा, काय झालंय हिला."

पाण्याचे पंप, गवत कापायच्या मशिनी आणि या चेनसॉ, म्हणजे करवत मशिनी, खोलण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज मला बोलायचंय ते या "बघ रे जरा"बद्दल. मशीन शेजाऱ्याची, वेळ आपला, आणि खर्च कुणाचा ते अजून ठरायचं असतं. अशा वेळी दुरुस्ती करावी, की भंगारवाल्याला हाक मारावी?

शेजारचे काका असेच एकदा आले. मशीन त्यांची, पण बंद पडली ती पुतण्याच्या हातात. पुतण्या चाकरमानी, शिमग्याला गावी आलेला. होळीला लाकडं कापतो म्हणाला, अर्धा तास कापली आणि मशीन घरघरत गप्प झाली. मी विचारलं, "पेट्रोलमध्ये ऑईल घातलं होतं का?" पुतण्या म्हणाला, "घातलं ना! ही बघा, टाकी भरलेली आहे."

टाकी खरंच भरलेली होती, पण चेनच्या ऑईलची. या मशीनला दोन झाकणं असतात. एकात चेनला आणि पट्टीला लागणारं ऑईल, दुसऱ्यात पेट्रोल. पेट्रोलच्या टाकीत नुसतं पेट्रोल ओतायचं नसतं, त्यात टू टी ऑईल मिसळूनच भरायचं असतं. कारण हे टू स्ट्रोक इंजिन. मोटारसायकलसारखं खाली ऑईल साठवायची सोय याला नाही. पेट्रोलबरोबर आत जाईल तेवढंच ऑईल पिस्टनला, तेवढंच बेअरिंगला. चेनची टाकी काठोकाठ भरा, त्यातला एक थेंबही इंजिनाला मिळत नाही.

यात त्या पोराची फारशी चूक मला दिसत नाही. लुना, राजदूत, बजाजची जुनी स्कूटर चालवलेल्या पिढीला पेट्रोलपंपावर "ऑईल टाक रे" म्हणायची सवय होती. आताच्या मुलांच्या गाड्या सगळ्या फोर स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं असतं, हे त्यांनी पाहिलेलंच नाही. त्यात ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आलं. आंबे, फणस, माड आडवे झाले, रस्ते बंद पडले, आणि त्यानंतर माझ्याकडे ज्यांच्या घरी कोयता नि कुऱ्हाडीपलीकडे काही नव्हतं अशा घरांतल्याही मशिनी येऊ लागल्या. मशीन घरात आली, मशीनची माहिती मात्र खोक्यातच राहिली.

तर बंद पडलेली मशीन हातात आली की पहिला प्रश्न "चालू होईल का?" हा नाही. थोडेफार पैसे ओतले की बहुतेक मशिनी एकदा तरी चालू होतात. खरा प्रश्न, ती मेली कशाने? ते कळलं नाही, तर आज घातलेला नवा पिस्टन पुढच्या महिन्यात त्याच वाटेने जाणार.

ते कळण्यासाठी एक रुपयाही लागत नाही. आधी स्विच बंद करा, चेनचा ब्रेक लावा. प्लग घट्ट बसलेला असू द्या. आता दोरीची मूठ धरून मशीन हळूच वर उचला, म्हणजे मशीनचं सगळं वजन दोरीवर येईल. इंजिनात दम असेल तर मशीन क्षणभर लटकते आणि मग एकेक टप्पा घेत खाली उतरते. दम गेलेला असेल तर रहाटावरून सुटलेल्या कळशीसारखी सरसर खाली जाते. काकांची मशीन अशीच सरसर गेली.

मग सायलेन्सर खोला. दोन-तीन स्क्रू किंवा नट असतात. इंजिन गार असताना सायलेन्सर काढला की समोर एक खिडकी दिसते, तिच्यातून धूर बाहेर पडतो. प्लग काढा, दोरी हलकेच ओढत पिस्टन त्या खिडकीसमोर आणा आणि आत बॅटरी मारा. चांगला पिस्टन गुळगुळीत असतो, रिंगा मोकळ्या दिसतात, फार तर काजळीचा तपकिरी डाग. बिघडलेल्या पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात, मांजराने नखं मारल्यासारखे. ऑईलवाचून किंवा पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं, की ते ओरखडे या सायलेन्सरच्या बाजूलाच पहिल्यांदा उमटतात, कारण सगळ्यात जास्त तापणारी बाजू तीच. तेच ओरखडे कार्ब्युरेटरच्या बाजूला असतील, तर समजायचं की फाटक्या किंवा निसटलेल्या फिल्टरमधून धूळ आणि भुसा आत गेला. ते पाहायला अर्थात कार्ब्युरेटर काढावा लागतो.

इथे एक धोक्याची सूचना. ओरखडे आहेत पण पेट्रोलमध्ये ऑईल बरोबर होतं, असं मालक शपथेवर सांगत असेल, तर त्याला लगेच खोटं ठरवू नका. कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधला रबरी जोड चिरला, किंवा क्रँकचं ऑईल सील गेलं, की तिथून जादा हवा ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, इंजिन जोरात पळतं आणि जळतं. चांगला मिस्त्री दोन्ही तोंडं बंद करून आत हातपंपाने थोडी हवा भरतो आणि ती टिकते का पाहतो. टिकली नाही तर साबणाचं पाणी लावतो, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं.

दुसरं कारण आमच्या पावसाचं. महाड-पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा पितं. जूनमध्ये टाकीत पेट्रोल ठेवून मशीन माळ्यावर टाकली, तर दिवाळीपर्यंत इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसू शकतं. ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळाशी लोळत असतो, म्हणजे इंजिन पहिला घोट घेतं तो ऑईलवाचूनचा. पाऊस लागायच्या आत टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटरही कोरडा करायचा, एवढं केलं तरी पुष्कळ.

पुरात बुडालेल्या मशीनचं गणित वेगळं. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी महाड शहरात शिरल्या, बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून पाणी गेलं. त्यानंतर आलेल्या मशिनींवरून मी एकच शिकलो. पुराच्या मशीनला पाण्याने मारलेलं नसतं, नंतरच्या दिवसांनी मारलेलं असतं. पाणी ओसरल्याबरोबर ज्यांनी प्लग काढून मशीन उलटी केली, पाणी काढलं, रॉकेलने आतला गाळ धुतला, ऑईल सोडून दोरी फिरवत ठेवली, त्यांच्यातल्या बऱ्याच चालल्या. ज्यांनी आधी घरातला चिखल उपसला, आणि तेच बरोबर होतं, त्यांच्या मशिनींची बेअरिंगं तीन आठवड्यांत गंजून बसली. त्या मी न खोलता परत दिल्या.

आता बेअरिंगचं. सिलिंडर उतरवल्यावर पिस्टनचा दांडा दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. डावीकडे-उजवीकडे थोडा हलला तर ठीक, तेवढी मोकळीक ठेवलेलीच असते. पण वर-खाली टकटक लागली, तर खालचं बेअरिंग गेलं. तसंच मॅग्नेटचं चाक धरून हलवा, क्रँक हलता कामा नये. पिस्टन, रिंगा, सिलिंडर बदलणं हे वरवरचं काम. क्रँक आणि बेअरिंग बदलायचं म्हणजे मशीन उभी चिरायची, आणि मजुरी तिथे वाढते. घरगुती मशीनचा क्रँक गेला असेल, तर माझं उत्तर सरळ आहे: नको.

सिलिंडरचं मात्र लगेच वाईट वाटून घेऊ नका. पुष्कळदा सिलिंडरवर दिसतात ते ओरखडे नसतातच, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून भिंतीला चिकटलेलं असतं. ते काढता येतं, आणि खालचा कडक मुलामा शाबूत असेल तर सिलिंडर पुन्हा चालतो. काही मिस्त्री ते ॲसिडने काढतात. तुम्ही घरी या फंदात पडू नका. वाफ छातीत जाते, आणि मुलामा उडालेला असेल तर ॲसिड सिलिंडरच खातं.

पैशाचा हिशोब कसा करायचा? समजा, तशीच नवी मशीन १० हजारांना मिळते. दुरुस्ती ३ हजारांत होत असेल तर करावी. ५ हजारांच्या पुढे जात असेल तर थांबावं, कारण जुन्या मशीनचा कार्ब्युरेटर, क्लच, पट्टी, चेन ही सगळी जुनीच राहणार. आणि त्या ३ हजारांत नवी चेन धरली आहे का, हे आधी विचारा. हा हिशोब लोक नेहमी विसरतात. स्वस्तातल्या ५२ आणि ५८ सीसी मशिनींची पिस्टन-सिलिंडर जोडी सहज मिळते. नामांकित कंपनीच्या मशीनचे भाग महाग, पण मशीनही जास्त टिकणारी.

त्याआधी आणखी एक प्रश्न. वर्षातून कापता किती? दोन दिवस कापायचं असेल, तर मशीनवाला रोजावर बोलवावा. आणि बांधावरचा असला तरी ऐन, किंजळ, आंबा, फणस तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, हेही ओघात सांगून टाकतो.

एका बाबतीत मी तडजोड करत नाही. पुढची हाताची ढाल तुटलेली, चेनचा ब्रेक लागत नाही, अशी मशीन चालू करून कुणाला द्यायची नाही. पट्टीचं टोक लाकडात अडकलं की मशीन उसळते, थेट तोंडावर. ब्रेक असतो तो त्या क्षणासाठी. ब्रेक दुरुस्त करायला मालक तयार नसेल, तर इंजिनही करू नये, मग तो शेजारी असो की सख्खा भाऊ.

राहिली शेजारधर्माची गोष्ट. मशीन खोलली की ती आपल्या गळ्यात पडते. "आणली तेव्हा फिरत तरी होती" हे वाक्य मी ऐकलेलं आहे. म्हणून सायलेन्सर मी मालकाच्या समोरच खोलतो आणि बॅटरी त्याच्याच हातात देतो. पिस्टन त्याने स्वतः पाहिला की पुढचं बोलणं सोपं जातं. पाहण्याचे पैसे घेत नाही. त्यापुढचा आकडा मात्र स्क्रूला हात लावायच्या आधी सांगतो.

काकांनी बॅटरी मारून पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. दांड्याला टकटक नव्हती, क्रँक पक्का होता, रबरी जोड शाबूत. सिलिंडर साफ झाला, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या, आणि खर्च नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत बसला. पहिल्या दोन-तीन टाक्या बारीक लाकडावरच चालवा, एकदम फणसाच्या बुंध्याला भिडू नका, असं मी सांगितलं. चांगलं टू टी ऑईल असेल तर लिटरला २० मिली, साधं असेल तर ४० मिली, पण शेवटी मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच खरं. त्यांची पुस्तिका सापडली, ती माळ्यावर खोक्यातच होती.

काकांनी खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण तारेने मशीनच्या मुठीला बांधलंय. पुतण्या पुढच्या शिमग्याला आला तेव्हा मशीन त्यालाच दिली, पेट्रोल मात्र स्वतः मिसळून.