मूत्राशयाच्या खिडकीतून



संध्याकाळी व्याख्यानाला यावं आणि वक्त्यानं शीबद्दल बोलावं, हे काहींना रुचणार नाही. पण लहान मुलांच्या डॉक्टरला या विषयाची लाज बाळगून चालत नाही. पोट दुखतं म्हणून येणाऱ्या मुलांत बद्धकोष्ठाची मुलं बरीच असतात आणि आयांना ते पटत नाही. ‘अहो, रोज जातो की तो!’ जातो, पण एखादा खडा टाकून येतो. साठा आत तसाच. काहींची चड्डी दिवसातून चारदा खराब होते आणि घरात जुलाब थांबवायचं औषध चालू असतं. खरं तर गुदाशयात घट्ट गोळा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेनं झिरपत असतो.

सुरुवात साधी असते. एकदा कडक शी होते, दुखतं, आणि मूल ठरवतं की पुन्हा नाही. लागली की ते टाचा उंचावतं, पाय आवळतं, पडद्यामागे जाऊन उभं राहतं. आजीला वाटतं, बिचारा जोर लावतोय. तो रोखून धरत असतो! रोखलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं, गोळा वाढतो, गुदाशय ताणला जातो, आणि ताणलेल्या गुदाशयाला तो भरल्याची जाणीवच उशिरा होते.

हा ताण बघायचा कसा? बोटानं तपासता येतं, पण त्याच जागेच्या दुखण्याला भ्यालेल्या मुलावर तो दुसरा अत्याचार. एक्स-रे काढला तर किरणोत्सर्ग आहेच, शिवाय एकाच फिल्मवर दोन डॉक्टरांची दोन मतं.

वाट सापडली ती मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे. लघवीच्या तक्रारी असलेल्या मुलांचं मूत्राशय सोनोग्राफीत बघताना त्याच्या मागेच फुगलेला गुदाशय दिसे. ध्वनिलहरी द्रवातून सहज पार होतात, म्हणून भरलेलं मूत्राशय ही मागचं बघण्याची खिडकीच ठरते. ओटीपोटावर, जघनास्थीच्या किंचित वर प्रोब आडवा ठेवायचा, थोडा खाली कलवायचा आणि गुदाशयाची रुंदी मोजायची. कपडे उतरवणं नाही, सुई नाही. नेदरलँड्समधल्या 2004 च्या अभ्यासात बद्धकोष्ठ असलेल्या मुलांत ही रुंदी सरासरी 4.9 सेंटिमीटर भरली, इतरांत 2.1. पुढे डेन्मार्कमध्येही असाच फरक दिसला. साधारण 3 सेंटिमीटरच्या वर गेली की शंका घ्यावी, असा हिशेब तेव्हापासून रूढ झाला.

पण या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. मुलाला त्याच क्षणी शी लागली असेल तर निरोगी गुदाशयही रुंद दिसतो. लघवी करून आलेलं असेल तर खिडकीच बंद. दोन वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाला एकच माप कसं लावणार? युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी 2014 साली निदानासाठी सरसकट सोनोग्राफी करावी इतका पुरावा नाही असं म्हटलं. मलाही ते पटतं. आठवड्यातून किती वेळा होते, दुखते का, रोखतो का, चड्डीला डाग पडतात का, एवढं नीट विचारलं तर बहुतेक निदान टेबलाशीच होतं. आणि जन्मल्यावर 48 तासांत काळी शी न झालेल्या बाळाला हिर्शस्प्रुंगचा आजार, म्हणजे आतड्याचा एक जन्मजात दोष, आहे का, हे रुंदी मोजून ठरत नाही. तिथे गुदाशयाचा तुकडा काढून तपासावा लागतो.

मग सोनोग्राफी कुणासाठी? शाळेत काय होतं हे घरी ठाऊक नसलेल्या मुलासाठी. बोलून सांगू न शकणाऱ्या स्वमग्न मुलासाठी. आणि अंथरूण ओलं होतं म्हणून रोज बोलणी खाणाऱ्या मुलासाठी, कारण फुगलेला गुदाशय मूत्राशयाला दाबतो.

आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याखाली सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, मग ते मुलांच्या पोटासाठीच का असेना. त्यामुळे बालरोगतज्ज्ञानं खिशातला प्रोब काढून तिथल्या तिथे बघितलं, असं इथे होत नाही. कायद्याची गरज मला मान्य आहे, आणि चिठ्ठी लिहून रेडिऑलॉजिस्टकडे पाठवायला मला कमीपणा वाटत नाही. फक्त चिठ्ठीत ‘गुदाशयाची रुंदी मोजावी, मूत्राशय भरलेलं असावं’ हे लिहावं लागतं. नाहीतर यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं सगळं ‘नॉर्मल’ असल्याचा रिपोर्ट येतो आणि हवं तेच राहून जातं.

माझ्या मते या मापाचा खरा उपयोग दुसऱ्यांदा मोजताना होतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रेचकानं आधी साठा काढायचा, मग रोजचा डोस निदान दोन महिने चालू ठेवायचा आणि तक्रारी थांबून महिना झाल्यावर हळूहळू कमी करायचा. घरची मंडळी आठव्या दिवशीच औषध बंद करतात, ‘सवय लागेल’ म्हणून. त्यांना पडद्यावर दाखवता येतं, गुदाशय अजून चार सेंटिमीटर आहे, पूर्वपदावर आलेला नाही. मग बाटली पुन्हा उघडली जाते.