थंडीतली उदासी आणि दूर गेलेल्या लेकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी गोड बोलावे अशी रीत आहे. पण चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो उदासीचा. मी म्हटले, "अहो, अणदूरच्या उन्हात उदासीवर कोण ऐकत बसणार?" त्या म्हणाल्या, "ज्यांच्या लेकी परमुलखात आहेत त्या ऐकतील." तेव्हा मुख्यतः त्यांच्यासाठीच बोलते. बाकीच्यांनीही बसावे, कारण बोलता बोलता गोष्ट आपल्या दाराशी येणार आहे.

आपल्याकडे हिवाळा म्हणजे वर्षातला सुखाचा काळ. मार्गशीर्षात आपला खंडोबा नळदुर्गाला मैलारपुरी जातो आणि पौष पौर्णिमेची यात्रा झाल्यावर परत येतो. तेवढे दिवस गाव जरा सुने वाटते खरे. पण मध्येच येळवस येते, आपण भज्जी-आंबील डोक्यावर घेऊन शेतात जातो आणि कडब्याच्या कोपीपाशी दिवसभर उन्हात बसतो. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा आपल्याकडे सूर्य अकरा तास वर असतो. त्याच दिवशी लंडनला तो आठ तासही नसतो, स्टॉकहोमला जेमतेम सहा तास, आणि नॉर्वेत अगदी वर ट्रॉम्सो नावाचे शहर आहे तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही.

माझी एक भाची लग्न होऊन स्कॉटलंडात गेली. मुलगी चुणचुणीत, घरात असली की भिंती बोलायच्या. पहिला हिवाळा नव्या नवलाईत गेला. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि हिचे फोन कमी झाले. दहा-दहा तास झोपायची तरी अंग जडच. पाव, बटाटे, गोड यांची वखवख सुटली, वजन वाढले. कुणाकडे जाणे नको, कुणी येणे नको. इकडे तिच्या आईच्या मनात नाही नाही ते आले. जावयाचे काही बिनसले का? की दिवस गेलेत? शेजारणींनी तर दृष्ट काढायला सांगितली. मार्च सरला आणि मुलगी पुन्हा पूर्वीसारखी खळखळून बोलू लागली! सगळ्यांना वाटले, दृष्टच होती. पुढल्या ऑक्टोबरात तेच पुन्हा सुरू झाले, तेव्हा ती आपणहून तिथल्या डॉक्टरांकडे गेली, आणि त्यांनी तिला आजाराचे नाव सांगितले.

या आजाराला आपण ऋतुजन्य उदासी म्हणू. त्याचे वर्णन १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रीय रीतीने केले. हे गृहस्थ दक्षिण आफ्रिकेतले, म्हणजे आपल्यासारखेच भरपूर उन्हात वाढलेले. न्यूयॉर्कला राहायला गेल्यावर हिवाळ्यात आपले अंग गळते हे त्यांना स्वतःलाच जाणवले होते. ऐन उन्हातून अंधारात गेलेल्या माणसाच्याच हे ध्यानात यावे, यात मला तरी नवल वाटत नाही. पुढे १९९० साली छापलेल्या एका पाहणीत अमेरिकेच्या दक्षिणेकडील फ्लोरिडात शंभरात एक-दीड माणसाला, तर उत्तरेकडील न्यू हॅम्पशायरात शंभरात नऊ-दहांना हा त्रास आढळला. तो पुरुषांपेक्षा बायकांत अधिक दिसतो आणि बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. म्हणजे नेमक्या आपल्या लेकीसुनांच्या वयात.

असे का होते? आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे, आणि त्याला रोज चावी देतो तो सकाळचा उजेड, डोळ्यांवाटे. अंधार पडला की शरीरात झोपेचा एक रस स्रवू लागतो, उजाडले की थांबतो. सकाळी नऊपर्यंत अंधार आणि दुपारी चारला दिवेलागण असली, तर काही जणींचे हे घड्याळ मागे पडते. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण बाहेरच्या ढगाळ दिवसाचा उजेडसुद्धा त्याच्या कित्येक पट असतो.

एकदा मन खट्टू झाले म्हणजे हा आजार नव्हे. ओळखायची खूण अशी की, निदान दोन वर्षे ओळीने ठराविक ऋतूतच ही अवस्था येते, आठवडेच्या आठवडे टिकते आणि ऋतू पालटला की जाते. इतर उदासीत बहुधा झोप उडते, अन्न नकोसे होते. इथे झोप आणि भूक दोन्ही वाढतात. म्हणूनच घरचे लोक तिला आळशी म्हणून मोकळे होतात, आणि ती स्वतःलाही तसेच म्हणू लागते.

उपाय आहेत. सकाळी उठल्यावर लवकरच, ढग असले तरी, बाहेर पडून चालणे हा पहिला. दुसरा म्हणजे मुद्दाम बनवलेला प्रखर दिवा. दहा हजार लक्स उजेडाचा, अतिनील किरण गाळलेला. रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसायचे, त्याच्याकडे टक लावायची नाही, चहा घ्यावा नाहीतर वाचावे. मात्र डोळ्यांचा विकार असेल, किंवा मन कधी फार चढणारे, कधी फार पडणारे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा घेऊ नये. विचारांचे वळण बदलणारे समुपदेशन आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या अभ्यासात त्याचा गुण पुढच्या हिवाळ्यांपर्यंत दिव्यापेक्षा अधिक टिकलेला दिसला. औषधेही आहेत. ड जीवनसत्त्वाने ही उदासी जाते असे पक्के ठरलेले नाही. पण इंग्लंडात ऑक्टोबर ते मार्च ते रोज दहा मायक्रोग्रॅम घ्यावे असा सरकारी सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला तर त्याची गरज अधिकच.

नॉर्वेत र्‍यूकान नावाचे गाव दरीत वसले आहे, तिथे सप्टेंबरपासून मार्चपर्यंत ऊन पोहोचत नाही. त्यांनी २०१३ साली डोंगरावर तीन मोठे आरसे बसवून गावच्या चौकात ऊन पाडले! आणि त्या ट्रॉम्सोत २१ जानेवारीच्या सुमारास सूर्य परत दिसतो, तेव्हा गोड पाव वाटून सण करतात. आपली संक्रांत तरी दुसरे काय आहे? लंडनात महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे. ठिकठिकाणी अशी मंडळे आहेत. लेकीला म्हणावे, अंगात उत्साह नसला तरी हळदीकुंकवाला जा, चार माणसांत बस.

आणि फोनवर "कशी आहेस" एवढेच विचारू नका. ती "बरी आहे" म्हणते आणि संपते. आज बाहेर पडलीस का, किती झोपलीस, गेल्या वर्षीही याच दिवसांत असेच झाले होते का, हे विचारा.

आता आपल्या दाराशी येते. आपल्या गावात जी बाई बारा महिने गप्प आहे, जिची झोप उडाली आहे, पीक गेल्यापासून किंवा बाळंतपणापासून जिचे मन उठत नाही, तिचा दोष थंडीवर ढकलू नका. तिला ऊन कमी पडलेले नाही. "नकोसे झाले आहे" असे शब्द कुणाच्या तोंडून आले, तर ते बोलणे थट्टेवारी नेऊ नका. तिला एकटी ठेवू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यापाड्यांतल्या बायकांनाच शिकवून भारतवैद्य म्हणून उभे केले, म्हणजे बाईच्या दुखण्याला बाईनेच कान देणे इथे नवे नाही. सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे; रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. क्रमांक १४४१६. चिटणीसबाईंनी तो दाराशेजारच्या फळ्यावर लिहिला आहे. जाताना उतरून घ्या.