शाळेतली बाई आणि घरातली आई



बुलढाणा जिल्ह्यातील माणूस उन्हाळ्याविषयी बोलू लागला, की तो घाटावरचा की घाटाखालचा हे लगेच कळून येते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूस संध्याकाळी वाऱ्याची झुळूक तरी लाभते. घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यातील सपाटीवर आले, म्हणजे मे महिन्यात रात्री निजतानाही भिंती तापलेल्या असतात. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात, त्याचे कारण हेच ऊन होय. इतरांना ही सुटी हेवा करण्याजोगी वाटते. परंतु ज्या घरात शिक्षिका हीच लहान मुलांची आई आहे, त्या घरात या सुटीचे नेमके काय होते, याचा विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत भाषणाचा विषय तेवढाच आहे.

घाटाखालच्या खारपाणपट्ट्यातील एखादे गाव डोळ्यांपुढे आणावे. शाळा द्विशिक्षकी. तेथील बाईंचे नाव सांगण्याची गरज नाही. अशा बाई प्रत्येक पंचायत समितीच्या क्षेत्रात आहेत. त्यांना दोन मुले, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. यजमान नोकरीनिमित्त दिवसभर बाहेरगावी असतात. घरी वृद्ध सासूबाई आहेत. मुलगी आईच्याच वर्गात शिकते. शाळेच्या फाटकाबाहेर ती आईला ‘आई’ म्हणते, फाटकाच्या आत ‘बाई’. ही शिस्त तिला कोणी लावली नाही. इतर मुले बाई म्हणतात, म्हणून तीही म्हणू लागली, आणि वर्गात आपल्याला वेगळी वागणूक मिळणार नाही हे तिने मुकाट्याने मान्य केले. धाकटा सकाळी अंगणवाडीत आणि दुपारी आजीजवळ असतो.

वर्षभर या बाईंच्या मनात एकच रुखरुख असते. चाळीस मुलांच्या वह्या तपासून घरी यावे, तो स्वतःच्या मुलीची वही पाहण्याचे त्राण उरत नाही. त्यातून सुटी म्हणजे सगळी सुटीच असते असेही नाही. 2010 सालच्या मे महिन्यात जनगणनेच्या घरयादीचे काम होते आणि शिक्षक मंडळी उन्हातून घरोघर हिंडली. 2024 साली लोकसभेसाठी बुलढाणा मतदारसंघात 26 एप्रिलला मतदान झाले. मतदान पथक आदल्या दिवशीच साहित्य घेऊन निघते. अशा रात्री चार वर्षांच्या मुलाला कोणाजवळ निजवावे, हा प्रश्न कोणत्याही आदेशात लिहिलेला नसतो. गुरुजींनी घरी मूल सांभाळले तर गाव त्यांचे कौतुक करते. बाईंनी सांभाळले तर ते धरूनच चालले जाते. असो.

तेव्हा त्याच वर्षीची सुटी लागताच बाईंनी जे केले, ते कोणतीही कर्तव्यदक्ष शिक्षिका करील. त्यांनी एक कोरा तक्ता घेतला, त्यावर रकाने आखले आणि मुलीसाठी वेळापत्रक लिहून भिंतीवर डकवले. सकाळी सात ते आठ वाचन, आठ ते नऊ पाढे, दुपारी शुद्धलेखन. हेतू उत्तमच होता. वर्षभराची उणीव दोन महिन्यांत भरून काढावयाची होती.

चौथ्या दिवशी सकाळी हातच्याच्या वजाबाक्या चालल्या होत्या. मुलगी दोन वेळा चुकली. बाईंचा आवाज किंचित चढला. वर्गात चढतो त्याहून अधिक मुळीच नव्हे. मुलीने पाटीवरून दृष्टी न उचलता म्हटले, “बाई, पुसून पुन्हा करू?”

घरातील माजघर, पायाशी खेळणारा भाऊ, चुलीवर उकळणारा चहा, आणि मुलगी आपल्या आईला ‘बाई’ म्हणत होती. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानीही आले नव्हते. बाईंनी त्या दिवशी पाटी बाजूला ठेविली. त्यांना वाईट वाटले ते दोन कारणांनी, आणि दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पहिले कारण कोणत्याही आईला समजेल. दुसरे असे, की ‘बाई’ या शब्दाबरोबर मुलीच्या आवाजात जो संकोच आला, तो त्यांनी प्रथमच ऐकला होता. वर्गात तोच आवाज त्या रोज चाळीस तोंडांतून ऐकत होत्या, आणि तो मुलांचा स्वाभाविक आवाज आहे अशी त्यांची समजूत होती.

येथे एका थोर स्त्रीचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. ताराबाई मोडक (1892–1973) या मूळच्या मुंबईच्या, पदवीधर; विवाहानंतर त्या आपल्याच वऱ्हाडात, अमरावतीस आल्या. संसार टिकला नाही. लहानग्या प्रभेला घेऊन त्या राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या आणि 1923 साली तेथील मानाची जागा सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई तर मूळचे वकील. 1913 साली त्यांना मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे या चिंतेतून त्यांनी मादाम माँटेसरींचे विचार वाचले, आणि पुढे वकिली मागे पडली. ज्या दोन व्यक्तींनी पश्चिम भारतात बालशिक्षणाचा पाया घातला, त्या दोघांच्याही घरी त्या वेळी वाढते मूल होते. त्यांनी घराची शाळा केली नाही. घरातील मूल पाहून शाळा कशी असावी हे ठरविले. प्रवासाची दिशा कोणती, यावर बरेच अवलंबून असते. आपल्या बाई पहिल्या आठवड्यात नेमक्या उलट दिशेने निघाल्या होत्या.

त्यानंतर वेळापत्रक भिंतीवर तसेच राहिले, परंतु त्याप्रमाणे काही झाले नाही. उन्हाळी वाळवणाचे दिवस आले. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग वाटून चीक काढावयाचा. “उद्या का नाही वाटायचे?” या प्रश्नाचे उत्तर मुलीला तिसऱ्या दिवशी दाणा बोटांत चिरडून आपोआप मिळाले. सोऱ्यातून कुरडई पाडताना तिने मोजणी आरंभली. एका खाटेवर सात ओळी, प्रत्येक ओळीत नऊ. सातनव्वे त्रेसष्ट हे तिला पाठ होते. पण त्रेसष्ट म्हणजे एक भरलेली खाट, हे तिने त्या दिवशी पाहिले. संध्याकाळी अठ्ठावन्नच भरल्या. पाच कोठे गेल्या, ही वजाबाकी तिने हातचा न चुकता केली, आणि भावाच्या तोंडाला लागलेला चीक पाहून ताळाही करून घेतला.

धाकट्याकडे राखणीचे काम होते. काठी घेऊन त्याने चिमण्या हाकलावयाच्या. खाटेजवळच्या निंबाच्या सावलीत तो बसे, पण थोड्या वेळाने सावली सरकून ऊन पायावर येई. दोन दिवस तो नुसता सरकत राहिला. तिसऱ्या दिवशी धावत आत येऊन त्याने विचारले, “आई, सावली काहून पळते?”

बाईंनी सवयीने उत्तर दिले, “काहून नाही रे, ‘का’ म्हणावे.”

मुलगा उभा राहिला, “का” असे पुटपुटला, आणि निघून गेला. प्रश्न तेथेच संपला. पृथ्वी, सूर्य, दिवस आणि दिशा हे सारे ज्या एका वाक्यात दाराशी येऊन उभे होते, ते दारातूनच परत गेले. ज्या वऱ्हाडात, रिद्धपूरच्या परिसरात, लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सिद्ध झाला, तेथील बोलीला मराठीच्या घरात उंबऱ्याबाहेर उभे करावयाचे कारण नाही. प्रमाण भाषा मुलांना यावयास हवी, याविषयी दुमत नाही. ती शिकविणे शाळेचे कर्तव्यच होय. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. मूल विचारत असताना त्याच्या विचारण्याला उत्तर द्यावे, शब्द मागाहून आपोआप येतो. बाईंना ही चूक उमगली ती रात्री, अंगणात अंथरुणे घातल्यावर, आजी त्याच मुलाला ‘काहून’ने भरलेली गोष्ट सांगत होत्या आणि तो एकामागून एक प्रश्न विचारीत होता, तेव्हा. दुसऱ्या दिवशी त्यांनी निंबाच्या सावलीच्या कडेला एक दगड ठेवला आणि काही न बोलता कामाला लागल्या. दुपारपर्यंत मुलाने स्वतः आणखी चार दगड मांडले होते.

घाटाखाली उन्हाळ्याचा मोठा धडा पाण्याचा असतो. खारपाणपट्ट्यात विहीर असून उपयोग नाही; तिचे पाणी धुण्याभांड्यास चालते, तोंडात धरवत नाही. पिण्याचे पाणी येईल तेव्हा भरून ठेवावे लागते. बाईंच्या घरी मुलीने तांब्याने गुंड भरून पाहिला, गुंडांनी टाकी भरून पाहिली, आणि घरातील चार माणसांना ते पाणी किती दिवस पुरेल याचा हिशेब कोळशाने मोरीच्या भिंतीवर मांडला. हिशेब चुकला, कारण पाहुणे आले. पाहुण्यांमुळे चुकलेला हिशेब हाच खरा हिशेब होय, असे कोणत्याही गणिताच्या पुस्तकात लिहिलेले नाही. पण टाकीचा तळ दिसू लागला तेव्हा मुलीने आपण होऊन दुसऱ्यांदा मांडणी केली, आणि या वेळी ‘आलेगेले’ म्हणून दोन गुंड राखून ठेवले.

आता एक शंका येथे बसलेल्यांच्या मनात आली असेल, आणि ती रास्त आहे. बाईंच्या मुलांजवळ आई आहे, आजी आहे, वाळवण घालण्याइतके गहू आहेत. वर्गातील इतर मुलांचे काय? काहींचे आईबाप त्याच दिवसांत वीटभट्टीवर असतात. सात वर्षांची मुलगी घरी धाकट्यांना सांभाळते, आणि ती बेरीज-वजाबाकी करते ती भाकरीच्या चतकोरांची. स्वतःच्या मुलांवरून सर्व मुलांची पारख करू लागणे हा शिक्षक-पालकांचा नेहमीचा दोष आहे. या बाईही त्यातून सुटल्या नसत्या. परंतु वाळवणाच्या खाटेभोवती शेजारची मुले जमू लागली. चिकाच्या आशेने आली ती दगडांच्या सावल्या पाहू लागली. त्यांतील एक मुलगी कडेवर भाऊ घेऊनच येई. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे. अंगणात मात्र पाणी मोजताना तिनेच सर्वांना सांगितले, की गुंड काठोकाठ भरला तर डोक्यावरून आणताना सांडतो, म्हणून चार बोटे कमी मोजावा. तिला ते ठाऊक होते, कारण ती रोज पाणी आणीत होती. बाईंनी तिचे म्हणणे मोरीच्या भिंतीवर लिहून ठेविले, तिच्या नावानिशी.

ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, पुढे 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा त्यांना व अनुताई वाघ यांना हेच आढळले होते. गरिबाघरचे मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी दप्तरात रुळला आहे; 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला. त्या शब्दातील ‘अंगण’ मात्र कित्येकदा विसरले जाते. बाईंच्या अंगणात त्या उन्हाळ्यात सकाळचा दीड तास सातआठ मुले असत. ऊन चढले, की त्यांना पन्हे देऊन घरी पाठविण्यात येई. बारा ते चार कोणासही बाहेर पडू द्यावयाचे नाही, हा एकच नियम होता. हजेरी नव्हती.

राहिली आखजीची गोष्ट. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. गावाबाहेर शेतात अठरा धान्ये वर्तुळात मांडतात. मध्यभागी खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर ठेवितात. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते आणि दूरदूरचे शेतकरी ते ऐकण्यास जमतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी त्यास आक्षेप घेतला आहे. 2024 साली आखजी 10 मे रोजी होती. दुसऱ्या दिवशी गावात भाकिताची चर्चा सुरू झाली, आणि मुलीने आईस विचारले, “हे खरं असते काय?”

बाई हो म्हणाल्या असत्या तर विज्ञानाचा विषय शिकविणे त्यांना अवघड गेले असते. नाही म्हणाल्या असत्या तर शेजारी बसलेल्या आजींचा, आणि भेंडवळीकडे डोळे लावून बसणाऱ्या अर्ध्या गावाचा अवमान झाला असता; शिवाय आई म्हणते म्हणून नाही, हीही एक श्रद्धाच झाली असती. त्यांनी भिंतीवरचा वेळापत्रकाचा तक्ता काढला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूवर तीन रकाने आखले. पहिल्यात महिने. दुसऱ्यात भेंडवळचे भाकीत, आजी सांगतील तसे, आजींच्याच शब्दांत. तिसऱ्यात प्रत्यक्ष पडलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये. सरळ भिंतीचा एक डबा अंगणात, निंबापासून दूर, मोकळ्यावर ठेवण्यात आला. रोज सकाळी आठ वाजता पट्टीने पाणी मोजून तो रिता करावयाचे ठरले.

शाळा उघडली त्या दिवशी मुलीने तक्ता गुंडाळून शाळेत आणला. फाटकापाशी ती थांबली आणि तिने विचारले, की डबाही शाळेत आणावा, की घरीच ठेवावा. रविवारी शाळेत पाणी कोण मोजणार, म्हणून डबा घरीच राहिला. कडेवर भाऊ घेऊन येणाऱ्या मुलीने सुटीच्या दिवसांची मोजणी आपल्याकडे मागून घेतली. तक्ता वर्गात लागला. तिसऱ्या रकान्यातील पहिले दोन आकडे मुलीच्या अक्षरात होते. उरलेली जागा दसऱ्यापर्यंत भरावयाची होती.