पायाच्या नखाची बुरशी आणि ब्लीचचे पाणी



पायाच्या अंगठ्याचे नख हळूहळू पिवळट पडते, जाड होते, त्याच्या कडेचा भुगा होऊ लागतो आणि ते खालच्या मांसापासून सुटू लागते. प्रारंभी ते दुखत नाही, खाजही फारशी येत नाही. त्यामुळे वर्ष-दोन वर्षे त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पुढे केव्हातरी ते चारचौघांच्या नजरेस येते आणि घरच्या घरी काय करता येईल याची विचारपूस सुरू होते. अशा वेळी सुचविल्या जाणाऱ्या उपायांत एक उपाय असा असतो : कपडे शुभ्र करण्यासाठी व न्हाणीघर धुण्यासाठी जे ब्लीचचे पाणी घरात असते, त्यात रोज थोडा वेळ पाय बुडवून ठेवावा, किंवा ते कापसाच्या बोळ्याने नखावर लावावे. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो आणि त्याचा युक्तिवादही वरकरणी बिनतोड असतो. ब्लीचने बुरशी मरते. नखाला बुरशी झाली आहे. तेव्हा ब्लीचने नख बरे होईल.

या युक्तिवादातील पहिले विधान खरे आहे. दुसरे पुष्कळदा खरे असते. तरीही तिसरे खोटे ठरते. असे का व्हावे, हाच या व्याख्यानाचा विषय होय.

प्रथम रोगाकडे पाहणे इष्ट ठरेल. माणसाच्या त्वचेचा रोग बुरशीमुळे होऊ शकतो ही गोष्ट १८४१ साली पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी या हंगेरियन वैद्याने दाखवून दिली. डोक्यावरील खवड्यांच्या खपल्या त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्याला त्यांत बुरशीचे तंतू आढळले. नखाच्या रोगास बहुतेक वेळा कारण होणारी ‘ट्रायकोफायटन रुब्रम’ ही बुरशी याच कुळातील आहे. गजकर्ण किंवा नायटा उत्पन्न करणाऱ्या बुरशींची ती सख्खी भावंड म्हणता येईल. या सर्वांचे अन्न एकच : केरॅटिन नावाचे कठीण प्रथिन. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, केस आणि नखे ही सारी केरॅटिनचीच बनलेली असतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत किंवा दिवसभर बंद बुटात घामेजलेल्या पायावर ही बुरशी प्रथम वस्ती करते आणि तेथून नखाकडे वळते.

नखात ती शिरते ती मात्र वरून नव्हे. बहुधा नखाच्या पुढच्या मोकळ्या कडेखालून ती आत जाते आणि नखाचा खालचा थर व त्याखालील मऊ गादी यांच्यामध्ये पसरत मुळाकडे सरकते. म्हणजे नख हेच तिचे अन्न आणि नख हेच तिचे छप्पर. बाहेरून जे काही लावावे ते या छपरावर पडते. बुरशी खाली सुरक्षित असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बिघडलेले नख दुरुस्त होत नसते. ते मुळातून नव्याने वाढून पुढे सरकते, तेव्हाच बिघडलेला भाग कापून टाकता येतो. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. पायाचे नख त्याच्या निम्म्या वेगाने. अंगठ्याचे संपूर्ण नख बदलण्यास बारा ते अठरा महिने लागतात. कोणताही उपचार, तो कितीही गुणकारी असला, तरी या गतीच्या पुढे जाऊ शकत नाही.

आता ब्लीचकडे वळावयाचे. घरगुती ब्लीच म्हणजे सोडिअम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण. त्याचे प्रमाण साधारणतः शेकडा तीन ते सहा असते. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन वायू तयार केला आणि बर्थोले या फ्रेंच रसायनज्ञाने १७८५ च्या सुमारास त्याच्या अंगचा रंग घालविण्याचा गुण ओळखला. पॅरिसजवळच्या झावेल येथे असे द्रावण तयार होऊ लागले आणि ते त्या गावाच्या नावाने प्रसिद्ध झाले. १७९९ मध्ये स्कॉटलंडमधील चार्ल्स टेनंट याने कोरड्या विरंजक चूर्णाचे एकस्व मिळविले. भारतातील खेड्यापाड्यांत विहिरीच्या पाण्यात टाकली जाणारी ब्लीचिंग पावडर ती हीच.

या द्रव्याने वैद्यकाची मोठी सेवा केलेली आहे, हे नाकारता येत नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने प्रसूतिकक्षात येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने व विद्यार्थ्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतलेच पाहिजेत, असा नियम केला. त्या वर्षी एप्रिलमध्ये तेथे शेकडा अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जुलैमध्ये हे प्रमाण शेकडा दीडच्याही खाली आले. परंतु तेथे विष हाताच्या पृष्ठभागावर होते, त्वचा धडधाकट होती आणि काही क्षणांत काम पुरे होत होते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा चिघळून हजारो माणसे मरत होती. १९१५ मध्ये हेन्री डेकिन हा इंग्रज रसायनज्ञ आणि अलेक्सिस कॅरल हा फ्रेंच शल्यविशारद या दोघांनी फ्रान्समधील काँप्येन येथे या प्रश्नावर काम केले. डेकिनने निवडलेले द्रव्य सोडिअम हायपोक्लोराइट हेच होते. मात्र त्याने त्याचे प्रमाण शेकडा अर्ध्यावर आणले. द्रावणातील दाहक अल्कता कमी करण्यासाठी बोरिक अम्लाची योजना केली. द्रावण ताजे असावे, असा दंडक घातला. पू आणि मृत ऊती यांच्याशी गाठ पडताच द्रावणाची शक्ती संपून जाते, हे ओळखून कॅरलने जखमेच्या कानाकोपऱ्यांत रबरी नळ्या बसविल्या आणि दर दोन तासांनी ताजे द्रावण आत सोडण्याची व्यवस्था केली. आजूबाजूच्या चांगल्या त्वचेवर व्हॅसलिन लावलेल्या पट्ट्या ठेवल्या जात, कारण त्या सौम्य द्रावणानेही तिला इजा होई.

म्हणजे हायपोक्लोराइट औषध ठरले ते चार अटींवर : शक्ती सौम्य असावी, दाहकता आवरलेली असावी, द्रावण रोगाच्या जागेपर्यंत पोहोचावे आणि खर्च झालेल्या द्रावणाच्या जागी पुनःपुन्हा नवे यावे. घरातील बाटली यांपैकी एकही अट पुरी करीत नाही. ती डेकिनच्या द्रावणाच्या सहा ते बारा पट तीव्र असते, ती टिकावी म्हणून मुद्दाम तीव्र अल्कधर्मी ठेवलेली असते आणि नखाखाली तिचा प्रवेश होत नाही.

तो का होत नाही, याचे उत्तर परिटाच्या व्यवहारात सापडते. सुती कापड ब्लीचमध्ये घालण्यास तो कचरत नाही. लोकरीची शाल मात्र तो कधीही त्यात घालणार नाही. सूत म्हणजे सेल्युलोज. ब्लीच बेताने वापरले तर ते तग धरते. लोकर म्हणजे केरॅटिन. ब्लीच तिच्यावर तुटून पडते, तिला पिवळी व ठिसूळ करते आणि पुरेसा वेळ मिळाल्यास विरघळवून टाकते. मोरीच्या नळीत अडकलेले केस काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कित्येक द्रावणांत हायपोक्लोराइट असते ते याच कारणासाठी. नखही लोकरीच्याच जातीचे. त्यामुळे नखावर टाकलेले ब्लीच वरच्या थराशीच झुंजत राहते आणि त्या झुंजीत खर्च होऊन जाते. खालच्या बुरशीपर्यंत पोहोचण्याइतकी शक्ती त्यात उरत नाही. ती उरावी म्हणून अधिक तीव्र द्रावण अधिक वेळ वापरले, तर नखाच्या आधी भोवतालची कोवळी त्वचा जळते. बुरशीच्या छपराला भोक पडण्यापूर्वी घराच्या भिंती ढासळतात, असा हा प्रकार आहे.

मग पुष्कळ पाणी घालून ब्लीच वापरले तर? त्वचेच्या काही विकारांत, विशेषतः इसबात, तज्ज्ञांच्या सल्ल्याने शेकडा ०.००५ इतक्या विरल द्रावणाचे स्नान देतात हे खरे. पण तेथेही काम त्वचेच्या पृष्ठभागावरचे असते. द्रावण विरल केल्याने इजा कमी होते, नखाखालचा मार्ग मोकळा होत नाही.

असे असता काही लोकांना या उपायाने गुण आल्यासारखे का वाटते? ब्लीचचे खरे काम रंग घालविण्याचे आहे, आणि ते काम ते नखावरही चोख करते. पिवळे, तपकिरी पडलेले नख काही दिवसांत फिकट दिसू लागते. डाग गेला म्हणजे रोग गेला, अशी समजूत होते. खाली बुरशी मुळाकडे सरकतच असते.

शिवाय दुसरे विधानही तपासून पाहिले पाहिजे. नख जाड झाले, वेडेवाकडे झाले म्हणजे बुरशीच झाली असे नाही. सोरायसिससारखा त्वचारोग, घट्ट बुटाचा रोजचा दाब, जुना मार, वार्धक्य अशा अनेक कारणांनी नख तसेच दिसू लागते. बिघडलेल्या नखांपैकी निम्म्याच्या आसपास नखांतच बुरशी सापडते, असा त्वचारोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण अनुभव आहे. उरलेल्यांच्या बाबतीत बुरशीनाशक उपाय मुळातच निरर्थक ठरतो.

निरर्थक उपायाने निदान अपाय तरी होऊ नये; येथे तोही होतो. पायाची आग होणे, त्वचा सोलणे, फोड येणे, भेगा पडणे हे नेहमीचे परिणाम. याहून गंभीर धोका मधुमेही माणसाला असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते आणि रक्ताचा पुरवठाही कमी पडतो. नखाची बुरशी अशा लोकांना अधिक प्रमाणात होते. ब्लीचने त्वचा जळली तरी त्यांना ती जळते आहे हे कळत नाही. धोक्याची सूचना देणारी वेदनाच नाहीशी झालेली असते. दुसऱ्या दिवशी दिसणारी लहानशी जखम भरून येत नाही, तीत जंतू शिरतात, आणि नखासाठी सुरू केलेल्या उपायापायी बोट किंवा पाय गमावण्याची पाळी येते.

आणखी एक धोका सर्वांनाच आहे. ब्लीचने गुण येत नाही असे पाहून कोणी त्यात व्हिनेगर घालतो. कोणी संडास धुण्याच्या अम्लयुक्त द्रावणाचे भांडेच न विसळता वापरतो. ब्लीच आणि अम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू मोकळा होतो. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे खंदकांतील सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. ज्या वर्षी डेकिनने क्लोरीनच्या एका संयुगाला मात्रेत बांधून औषध केले, त्याच वर्षी क्लोरीन हे युद्धास्त्रही झाले. न्हाणीघराच्या बंद दारामागे त्याचा थोडासा अंशही फुप्फुसांना पुरेसा घातक असतो.

योग्य उपचार कोणता? आधी निदान. नखाखालचा भुगा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात. केरॅटिन मऊ व पारदर्शक होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसू लागतात. ही परीक्षा साधी आणि अल्पखर्ची आहे. बुरशी नक्की झाली की औषध आतून देता येते. १९३९ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड रेस्ट्रिक यांच्या प्रयोगशाळेत एका पेनिसिलियम बुरशीपासून ग्रिझिओफल्विन वेगळे करण्यात आले आणि १९५८ मध्ये जेंटल्स यांनी गिनीपिगांवर दाखवून दिले की, ते पोटात दिले असता त्वचेच्या बुरशीवर गुण येतो. नखाची वाट बाहेरून बंद असली तरी रक्ताची वाट उघडी असते, हा त्या शोधाचा अर्थ. पुढे आलेले टर्बिनाफिन त्याहून प्रभावी ठरले. पायाच्या नखासाठी ते सामान्यतः रोज २५० मिलिग्रॅम असे बारा आठवडे देतात. चाचण्यांमध्ये शंभरांतील सुमारे सत्तर रोग्यांच्या नखांतून बुरशी नाहीशी झाली. नख पूर्ववत स्वच्छ दिसू लागणाऱ्यांचे प्रमाण याहून कमी असते. यकृताचा विकार असलेल्यांना हे औषध देता येत नाही. म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे. रोग कडेपुरता असेल तर नखावर लावावयाचे औषधी लेप उपयोगी पडतात, पण तेही महिनोन्‌महिने लावावे लागतात.

ब्लीचलाही या लढाईत स्थान आहे. मात्र ते पायाबाहेर. न्हाणीघराची फरशी, पांढरे सुती मोजे, पाय पुसण्याचे सुती फडके यांवरील बुरशी मारण्यासाठी ते थंड पाण्यात विरल करून, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि दुसरे काहीही न मिसळता वापरावे. पाय बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत, बूट दिवसाआड उन्हात ठेवावेत, नखे आडवी सरळ कापावीत आणि नखे कापण्याचे हत्यार प्रत्येकाचे वेगळे असावे.

एखादे द्रव्य रोगजंतूला मारते, एवढ्यावरून ते औषध ठरत नाही. अग्नीही जंतूंना मारतो. औषधाला मात्रा लागते, योग्य जागा लागते आणि पुरेसा काळ लागतो. आयुर्वेदानेही मात्रा व काल यांचा विचार फार पूर्वीच केलेला आहे. पायाच्या नखाच्या बाबतीत काळ हाच सर्वांत मोठा घटक होय. तपासणी करून, औषध घेऊन, पाय कोरडा ठेवून वर्षभर वाट पाहणाऱ्याला मुळाशी निरोगी नखाची एक अरुंद पट्टी दिसू लागते आणि ती महिन्याला दीड मिलिमीटरने पुढे सरकते. घाईने तिचा वेग वाढत नाही. त्वचा मात्र भाजते.