खुनाची गोष्ट दुसऱ्यांदा लिहिताना

मी पुण्यातल्या वस्त्यांमधल्या बचत गटांचं समन्वयाचं काम करते. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, बँकेची कर्जं यांवर बोलते. आज विषय वेगळा आहे. आज बोलायचंय खुनावर. म्हणजे खुनाच्या कादंबरीवर. हसा खुशाल, पण रेडिओ बंद करू नका. या गोष्टीत आपल्या कामाचं बरंच काही आहे.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. चार घरी पोळ्यांची कामं करतात. मूळच्या मावळातल्या, शिक्षण सातवी. रात्री सगळी निजली की त्या लिहीत बसायच्या. दोनशे पानी दोन वह्या भरल्या, तेव्हा एका मासिक बैठकीत त्यांनी त्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाल्या, “मॅडम, रहस्यकथा लिहिलीय. खुनाची. वाचून बघा आणि कुठं चुकलंय ते सांगा.” मी बी.ए. झालेय, पण कादंबरी दुरुस्त करणं मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, बैठकीचं कामकाज संपलं की अर्धा तास वाचन करायचं. ताई वाचतील, आपण चौदा जणी ऐकू. जिथं कंटाळा येईल तिथं हात वर करायचा, जिथं पटणार नाही तिथं विचारायचं.

मराठीत रहस्यकथेची परंपरा मोठी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड आपल्या आईवडिलांच्या पिढीला तोंडपाठ होते. आमच्या पुण्याचे सुहास शिरवळकर यांच्या रहस्यकथाही लोक वाचनालयात नंबर लावून वाचायचे. आमच्या ताईही एका मालकिणीच्या घरातली असली जुनी पुस्तकं वाचूनच लिहायला लागल्या.

आता गोष्ट थोडक्यात सांगते. एका वाडीतली धाकटी सून विहिरीत मेलेली सापडते. घरचे म्हणतात, पाय घसरला. गावही तेच म्हणतं. मग मुंबईहून काळा चष्मा लावलेला इन्स्पेक्टर जीप घेऊन येतो आणि तीन दिवसांत खुनी पकडतो. खुनी कोण, तर सासू.

पहिल्या वाचनाला दहावं पान संपायच्या आत मागून आवाज आला, “सासूच असणार!” सगळ्या हसल्या. ताईंचा चेहरा पडला. पण दुखणं तिथंच कळलं. घरात एकट्या सासूलाच सुनेचा राग होता. बाकी कुणाला काही कारणच नव्हतं. मग वाचणारी दुसऱ्या कुणावर संशय घेणार तरी कशी?

म्हणून पहिली दुरुस्ती ही केली की किमान चौघांना कारण द्यायचं, आणि ते खरं वाटणारं द्यायचं. सासूचं राहू दिलं. दिराचं जमिनीच्या बांधावरून भांडण घातलं. दूध संकलन केंद्राच्या हिशेबातली चूक त्या सुनेच्या लक्षात आली होती, म्हणून तिथला माणूस आला. आणि माहेरचा भाऊ आला, कारण बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला होता. या चौथ्या कारणाशी वाचन थांबलं आणि बायकाच बोलायला लागल्या. महाराष्ट्रात 1994 साली आणि सगळ्या देशात 2005 साली कायदा बदलला आणि मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी राखीपौर्णिमेला साडी देऊन सही घेणारे भाऊ आपण पाहतोच. त्या संध्याकाळी तीन जणींनी विचारलं, “सही केली असली तर आता काय?” त्यांना आम्ही विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत सल्ल्याकडे पाठवलं. गोष्टीतून काम निघालं ते असं.

दुसरी दुरुस्ती त्या इन्स्पेक्टरची. एक आजी म्हणाल्या, “ह्या काळ्या चष्म्याला आमच्या चुलीपाशी कोण येऊ देईल?” अगदी बरोबर. शोध घेणाऱ्याला घरोघर जायला निमित्त लागतं. वाडीत असं निमित्त कुणाला असतं? आशाताईला असतं. अंगणवाडीच्या बाईंना असतं. आणि बचत गटाच्या सचिवाला असतं. ताईंनी सचिव निवडली. इन्स्पेक्टर ठेवला, पण दुय्यम केला.

सचिव आल्याबरोबर एक उत्तम पुरावाही हाती आला. घरचे सांगतात, “ती पंधरा दिवस गप्पच होती, कुणाशी बोलत नव्हती, जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं असेल.” पण गटाच्या इतिवृत्तात लिहिलेलं आहे की मृत्यूच्या चार दिवस आधी तिनं दोन शेळ्यांसाठी कर्ज मागितलं, पहिल्या हप्त्याची तारीख ठरवून घेतली आणि खाली सही केली. ज्या वहीला आपण कंटाळून हात लावतो, ती वही मेलेल्या बाईच्या बाजूनं साक्ष देते. आमच्या गटात त्या दिवसापासून इतिवृत्त वेळेवर लिहिलं जातं, हे जाता जाता सांगते.

तिसरी दुरुस्ती वेळेची. गोष्ट पोळ्याच्या रात्री घडते. एका प्रकरणात साक्षीदार म्हणतो, “मी चांदण्यात त्या माणसाचा चेहरा पाहिला.” लगेच चार हात वर. पोळा कुठं श्रावणात होतो, कुठं भाद्रपदात, पण असतो अमावास्येलाच. चांदणं आलं कुठून? ताई ते वाक्य खोडायला निघाल्या. तेवढ्यात एक जण म्हणाली, “खोडू नका. तो माणूस खोटंच बोलतोय असं करा.” आणि गोष्टीतली चूक हाच गोष्टीतला पुरावा झाला. ते वाक्य कुणाच्या तोंडी ठेवलंय, ते मी सांगणार नाही.

मग आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता केला. उभ्या ओळीत माणसं, आडव्या ओळीत वेळ. शेवटची एसटी किती वाजता, वीज कधी जाते, बैलांची मिरवणूक कधी संपली, पुरणाचा स्वयंपाक कधी आवरला, पाण्याला कोण गेलं. ज्याच्या रकान्यात मोकळी जागा राहिली, त्याच्यावर संशय. एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी निघाला, तोही सापडला.

चौथी गोष्ट खुणांची. रहस्यकथेत वाचणाऱ्याशी प्रामाणिक राहावं लागतं. शेवटी जी खूण खुनी पकडून देते, ती आधी कुठंतरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून गेलेली हवी. नाहीतर फसवल्यासारखं वाटतं. हे आपल्या कीर्द-खतावणीसारखंच आहे. जी रक्कम जमेला दाखवली, तिचा पुढे हिशेब लागला पाहिजे, आणि खर्च दाखवला तर पैसा आला कुठून तेही दिसलं पाहिजे. ताईंनी वहीच्या मागे दोन रकाने केले. एकात खूण कोणत्या पानावर पेरली ते, दुसऱ्यात कोणत्या पानावर उगवली ते. सहा खुणा पेरून विसरलेल्या निघाल्या. दोन न पेरताच उगवलेल्या.

खूण साधी असली की जास्त लागते. पहिल्या वहीत विहिरीपाशी रक्तानं लिहिलेली अक्षरं होती. ती गेली. त्याऐवजी आता काठावर घागर आहे. भरलेली. पोहरा जागच्या जागी टांगलेला. पाणी काढताना पाय घसरला असता तर घागर भरून काठावर कशी? आणि जिला जीवच द्यायचा होता, ती आधी घागर कशाला भरेल? हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक बाई नुसती “अगं बाई” म्हणाली. रक्ताच्या अक्षरांना कुणी तसं म्हटलं नव्हतं.

पाचवी दुरुस्ती कायद्याची. पहिल्या वहीत इन्स्पेक्टर जावेला रात्री अकरा वाजता चौकीत आणतो, दोन थोबाडीत देतो, ती कबूल करते, आणि खटला संपतो. आम्ही एका निवृत्त हवालदारकाकांना आणि एका वकील ताईंना बैठकीला बोलावलं. त्यांनी सांगितलेलं तुम्हीही लक्षात ठेवा.

1 जुलै 2024 पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. खुनाच्या शिक्षेचं जुनं कलम 302 आता भारतीय न्याय संहितेत कलम 103 आहे. असा मृत्यू झाला की पोलीस बहुतेक वेळा आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, आणि संशयाला आधार मिळाला की गुन्हा दाखल होतो. गावात खबर देण्याचं काम पोलीस पाटलाचं. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे साधारण तहसीलदारांच्या पातळीवर, चौकशी व्हावी लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादाच्या प्रसंगी करायची तर दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी आणि महिला अधिकारी लागते. साक्षीदार बाईची विचारपूस ती राहते तिथंच करायची, तिला ठाण्यात बोलवायचं नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आणि फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते.

म्हणजे ताईंचा शेवट कोर्टात टिकलाच नसता. कबुलीजबाबाची आठ पानं गेली.

इथं मी ताईंना अगाथा ख्रिस्तीबाईंची हकिगत सांगितली. रहस्यकथा लिहिणारी इंग्लंडची ही बाई जगात सगळ्यात जास्त वाचली जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती दवाखान्यात औषधं द्यायचं काम करत होती. रहस्यकथा तुला लिहिता येणार नाही, असं तिच्या बहिणीनं तिला डिवचलं होतं. तिनं 1916 साली पहिली कादंबरी लिहिली. त्यात खून केला विषानं, कारण औषधं आणि विषं हेच तिच्या रोजच्या कामातलं ज्ञान होतं. तिच्या गावात बेल्जियमहून आलेले निर्वासित राहत होते, म्हणून तिचा गुप्तहेरही बेल्जियमचा निर्वासित झाला. कादंबरी बऱ्याच प्रकाशकांनी परत केली. शेवटी एकानं घेतली, पण अट घातली: उलगडा कोर्टातल्या साक्षीत केलाय तो पटत नाही, शेवट बदला. तिनं तो पुन्हा लिहिला. सगळ्यांना घरातल्या एका खोलीत बसवून गुप्तहेर खुनी सांगतो, असा केला. 1920 साली पुस्तक निघालं. पुढे तिची तसल्या शेवटासाठीच ख्याती झाली. ताई ऐकून म्हणाल्या, “मग आमचा उलगडा गटाच्या बैठकीत करते. सगळ्या सह्या करायला येतातच.” तसाच केलाय.

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड दुरुस्ती. ती मेलेल्या बाईची. पहिल्या वहीत ती पहिल्याच ओळीत मेलेली होती. तिच्याविषयी एवढंच होतं की ती दिसायला सुंदर होती. एका बैठकीत एक जण, एरवी कधी न बोलणारी, म्हणाली, “तिला काय आवडायचं?” ताईंना उत्तर देता येईना. मग ती बाई सांगू लागली. तिच्या माहेरच्या गावात अशीच एक सून गेली होती. पाय घसरला म्हणाले. तेराव्यानंतर कुणी तिचं नाव काढलं नाही. “तिला शिट्टी वाजवता यायची,” ती म्हणाली. “एवढंच मला आठवतं.”

खोलीत कुणी बोललं नाही. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही.

त्यानंतर ताईंनी सुरुवातीला चौदा पानं नवी लिहिली. त्यांत ती सून जिवंत आहे. शेळ्यांचे भाव विचारते, हिशेब पटकन करते, जावेला हसवते. तिसऱ्या प्रकरणात ती मरते, तेव्हा वाचणारीचं काहीतरी गेलेलं असतं. खुनी कोण हे कळायची ओढही त्यामुळेच लागते. तोवर आम्ही नुसतं कोडं सोडवत होतो.

पण ताईंनी शिट्टी मात्र घेतली नाही. त्यावर आमच्यात बराच वाद झाला. शिट्टी किती छान खूण होती, असं काहींचं म्हणणं. ताई म्हणाल्या, “त्या पोरीची आई अजून असेल. तिनं वाचलं तर?” मला ते पटलं. आपल्या गावात घडलेलं जसंच्या तसं कथेत घालू नये. गाव, विहीर, आडनाव, लग्नाचं वर्ष, ओळख पटेल असं सगळं बदलावं. दुसऱ्याच्या दुःखावर आपली गोष्ट उभी करायची नाही, आणि खऱ्या माणसावर कागदावर खुनाचा आरोपही करायचा नाही. मनात खरा संशय असेल तर त्याची जागा पोलीस ठाण्यात आहे.

तुमच्या गटातही कुणी लिहिणारी असेल. तिला हे सांगा. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, जीभ अडखळेल तिथं वाक्य मोडा. “भयाण”, “थरारक” असले शब्द काढून टाका आणि काय दिसलं ते लिहा. वेळेचा तक्ता करा. खुणांची खतावणी ठेवा. कायद्याचं माहितगाराला विचारा. आणि जी मेली तिला आधी जगू द्या.

लिहिणारी कुणी नसेल तर एखादी रहस्यकथा वाचनालयातून आणा आणि एक प्रकरण बैठकीनंतर वाचा. शेवटचं पान कुणालाही आधी उघडू देऊ नका. बायका किती बारकाईनं बघतात आणि किती थोडं बोलतात, ते तुम्हाला कळेल.

ताईंची दुसरी वही सध्या तिसऱ्यांदा लिहून होतेय. खुनी कोण हे मला ठाऊक आहे, पण विचारू नका. एवढंच सांगते, सासू नाही.