साके : तांदळाचं जपानी मद्य

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं राजेगाव असो की सीमेपलीकडचं महाराष्ट्रातलं गोंदिया, हा सगळा धानाचा मुलूख. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे तांदूळ सुवासावर जोखतात. जपानमध्ये साकेसाठी तो किती घासला, हेही पाहतात.

दाण्याच्या वरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. त्यांनी मद्याची चव जड होते. म्हणून दाईगिंजो या उंची प्रकारासाठी निदान अर्धा दाणा घासून काढतात. उरलेला मोत्यासारखा गाभा वाफवतात आणि त्यावर कोजी नावाची बुरशी भुरभुरवतात. उबदार खोलीत साधारण दोन दिवसांत दाण्यांवर पांढरी लव धरते आणि भात गोडसर लागू लागतो. स्टार्चची साखर कोजी करते, साखरेचं मद्य यीस्ट करतं. दोन्ही कामं एकाच पिंपात, एकाच वेळी चालतात. मला ही कारागिरी थक्क करते. २०२४ मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

जपानी पंगतीत साके आधी, मासे-भाज्यांसोबत. भात आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, सूप शेवटी. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. साकेत मद्यार्क साधारण १५ टक्के, म्हणजे बिअरच्या तिप्पट. तेव्हा घोट लहानच घ्या.

जपानला जाणाऱ्या शाकाहारी प्रवाशांनी जेवण ठरवतानाच तसं सांगावं. तिथल्या बऱ्याच सुपांत सुकवलेल्या माशाचा अर्क असतो.