पाहुण्यांनी केव्हा यावे?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या देशात येऊ इच्छिणारा परदेशी प्रवासी पहिला प्रश्न विचारतो तो हा की, "तुमच्याकडे येण्यास वर्षातील उत्तम काळ कोणता?" मुंबई-पुण्याहून आपल्या गावी येऊ पाहणारा शहरवासीही हाच प्रश्न विचारतो. प्रवासाच्या पुस्तकांत याचे उत्तर ठरून गेलेले आहे. ऑक्टोबर ते मार्च यावे, एप्रिल-मे टाळावा, पावसाळ्यात येऊ नये. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत प्रवाशापेक्षा आपल्या गावांना अधिक मोजावी लागते. म्हणून हा विषय आज आपणासमोर मांडीत आहे.

उष्ण कटिबंधातील ऋतू

महाराष्ट्र राज्य संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे राज्यातील प्रत्येक गावी सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पहिल्यांदा तो येतो मे महिन्यात. सावंतवाडीस महिन्याच्या आरंभी, तर विदर्भात अखेरीकडे. थंड प्रदेशात ऋतू ठरतो तो थंडी किती आणि दिवस केवढा यावरून. आपल्याकडे तो पावसावरून ठरतो. देशाच्या वार्षिक पावसापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सर्वसाधारणपणे १ जूनला केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचतात, आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास मुंबईतून परततात. हवामान खात्याने या सर्वसाधारण तारखा २०२० साली नव्याने ठरविल्या.

परंतु एवढ्यावरून साऱ्या देशाला एकच उत्तर देता येत नाही. सह्याद्री पावसात न्हात असतो तेव्हा लडाख कोरडा असतो, आणि तेथे जाण्याचा काळ जून ते सप्टेंबर हाच होय. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्ट्या लागतात तेव्हा तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसाचे दिवस असतात. त्या राज्याचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. एकट्या सातारा जिल्ह्याचे उदाहरण घ्या. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. जुलैमध्ये महाबळेश्वरात दहा पावलांपुढचे दिसत नाही, त्याच दिवशी दहिवडीकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. जेथे एका जिल्ह्याचा ऋतू एक नाही, तेथे राज्याचा एकच हंगाम कसा ठरवावा?

पूर्वजांचा विचार

आपल्या पूर्वजांनी प्रवासाचा ऋतू फार पूर्वी ठरवून ठेवला होता. बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहत. त्याला वर्षावास म्हणत. भाजे, कार्ले, अजिंठा येथील विहारांचा या प्रथेशी निकटचा संबंध आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास हाही मूलतः एका जागी राहण्याचा काळ. दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे, कारण तोवर नद्यांचे पूर ओसरलेले असत आणि वाटा मोकळ्या झालेल्या असत. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मग होड्या पाण्यात लोटतात. आजही जून-जुलैत मासेमारीस कायद्याने बंदी असते, आणि तो काळ माशांच्या प्रजननाचा असल्याने ती योग्यच आहे.

या नियमाला अपवाद एकच, आणि तो मोठा आहे. आषाढी वारीत लक्षावधी माणसे भर पावसात पंढरपूरची वाट चालतात. पण वारी दिंड्यांच्या शिस्तीत चालते. मुक्काम ठरलेले, वाट ठरलेली, आणि वाटेवरच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली तयारी. ऋतू कठीण असला तरी तयारी असेल तर प्रवास घडतो, हे वारीने दाखवून दिले आहे. तयारी नसेल तर काय होते, हेही आपण पाहिले आहे.

प्रत्येक महिन्याचे देणे

आता आपल्याच राज्याचे वर्ष क्रमाने पाहू.

ऑक्टोबरमध्ये काही दिवस ऊन चटके देते, परंतु ओढे वाहते असतात आणि हवा धुतलेली असते. अजिंठा व वेरूळ ही लेणी १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेली. पावसानंतर वाघोरा नदीच्या वळणावर उभे राहून अजिंठ्याची लेणी पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ देशावर सर्वांत सुखाचा. शेतावर हुरडा असतो, महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी येते, नागपूरकडे संत्री येतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर या पाणथळ जागेस २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले. राज्यातील ती अशी पहिलीच जागा. तेथे दूरदेशीचे पक्षी याच दिवसांत उतरतात. गड चढण्यासही हाच काळ उत्तम. राज्यातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी असे मराठ्यांचे १२ किल्ले २०२५ साली जागतिक वारसा ठरल्यापासून या गडांकडे जगाचे लक्ष वेधले गेले आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर सागरी कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर येऊन समुद्राकडे निघतात. स्थानिक ग्रामस्थांनी निसर्गप्रेमी संस्थेच्या साहाय्याने ही घरटी राखली, आणि आता ती पाहावयास येणारे पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात.

एप्रिल-मे हा काळ सर्वत्र वर्ज्य मानला जातो. परंतु कोकणात तो हापूसचा आणि फणसाचा काळ आहे. ताडोब्याच्या जंगलात पाणी आटल्यामुळे वन्य प्राणी पाणवठ्यावर येतात आणि उन्हाची तमा न बाळगणाऱ्या प्रवाशास वाघाचे दर्शन घडण्याचा संभव याच दिवसांत अधिक. मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, भंडारदऱ्याच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी उजळून निघतात.

पावसाळ्यात ताडोब्याचा गाभा क्षेत्रातील भाग बंद असतो, आणि जंजिऱ्यासारख्या जलदुर्गाकडे जाणाऱ्या होड्याही बंद असतात. पण घाटमाथा हिरवा होतो. वाळवंटी देशांतील पाहुणे केवळ पाऊस पाहण्यासाठी मुंबईत येतात. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत कासचे पठार फुलते. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी सह्याद्रीचे उतार जांभळे करून टाकते.

सारांश, वर्षातील एकही महिना असा नाही की ज्यात आपल्याकडे पाहण्यासारखे काही नाही. कोणता काळ उत्तम हे विचारण्यापूर्वी कोणत्या जागेसाठी आणि कशासाठी हे विचारले पाहिजे.

गावावर पडणारा भार

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची. पाहुणा चुकीच्या वेळी आला तर त्याचा एक दिवस वाया जातो. गावाचे मात्र पाणी जाते, पीक तुडवले जाते आणि कधी कधी माणसे जातात.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवारचे होते आणि दोन्ही घटना पावसाळ्याच्या आरंभीच्या आहेत. शहरातून आलेल्या माणसास हे ठाऊक नसते की, आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या डोंगरात पडलेला पाऊस थोड्याच वेळात ओढ्याला लोंढा आणतो. गावातल्या गुराख्यास ते ठाऊक असते. पण त्याला विचारतो कोण? आणि त्याने सांगितले तरी ऐकतो कोण?

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. शहापूर तालुक्यातील धरणे मुंबईची तहान भागवितात, पण त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. जेथे बायाबापड्या हंड्यासाठी मैलभर चालतात, तेथे काजवे पाहण्यास एका रात्री शेकडो मोटारी आल्या तर पाणी कोठून आणावयाचे? आणि मोटारींच्या दिव्यांच्या झोतात काजवे तरी कसे टिकावेत?

यावर उपाय म्हणजे पाहुण्यास परत पाठविणे नव्हे. ज्या गावी रोजगाराचे दुसरे साधन नाही तेथे पाहुणा हा आधार आहे. उपाय आहे तो वेळ आणि संख्या ठरविण्याचा. कासच्या पठारावर फुले तुडविली जाऊ लागली तेव्हा दररोज येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली, आगाऊ नोंदणी व प्रवेश शुल्क सुरू झाले, आणि भोवतालच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे देखरेख आली. फुले पाहणारास फुले दिसली पाहिजेत आणि पुढच्या वर्षीही ती उगवली पाहिजेत, असा हा साधा हिशेब आहे.

आपण काय करावे

पंचायत सदस्यांना माझी सूचना अशी की, प्रत्येक पर्यटन-गावाने आपले ऋतुपत्रक तयार करावे. बारा महिन्यांचे बारा रकाने आखावेत. प्रत्येकात चार गोष्टी लिहाव्यात. त्या महिन्यात पाहण्यासारखे काय आहे, गावात पाणी किती दिवस पुरेल, कोणती वाट किंवा ओढा धोक्याचा आहे, आणि किती पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय होऊ शकेल. हे पत्रक ग्रामसभेपुढे ठेवून मंजूर करावे आणि गावाच्या वेशीवर ठळक अक्षरांत लावावे. शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्याचा लाभ घेणाऱ्या शेतकऱ्यांनीही पेरणी, काढणी आणि पाहुणे यांचा मेळ अशाच पत्रकावरून घालावा.

शिक्षक बंधुभगिनींचे साहाय्य याकामी मोलाचे ठरेल. शाळेत साधे पर्जन्यमापक बसवून मुलांकडून रोजची नोंद करून घ्यावी. पहिला काजवा केव्हा दिसला, ओढा केव्हा आटला, कोणते फूल कोणत्या आठवड्यात उमलले, हे वहीत लिहून ठेवावे. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी म्हणजे त्या गावाचा खरा पंचांग होय. पावसाचे वेळापत्रक पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नसताना अशा नोंदींची गरज अधिकच आहे. शाळांच्या सहलीही सगळ्यांनी नाताळच्याच आठवड्यात त्याच त्या चार ठिकाणी नेण्याऐवजी जवळच्या जागा, योग्य महिना पाहून, निवडाव्यात.

अधिकारी वर्गाने धोक्याचे इशारे वेळेवर गावापर्यंत पोहोचवावेत, आणि गावाने एखादी वाट बंद केली तर त्या निर्णयामागे उभे राहावे. बंदीचा फलक लावून काम संपत नाही. फलकाशेजारी शनिवार-रविवारी उभे राहणारे गावचे दोन तरुण, आणि त्यांना मिळणारे योग्य मानधन, यांचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

मित्रहो, पाहुणा घरी केव्हा येणार हे घरधन्याला ठाऊक असले म्हणजे आदरातिथ्य नीट होते. आजवर आपल्या गावांचा हंगाम शहरातील सुट्ट्या आणि परदेशात छापलेली पुस्तके ठरवीत आली. यापुढे तो गावाने ठरवावा आणि पाहुण्यास आधी कळवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.